डिगबोईचा जुना नकाशा, शीट ८३ एम – आठ महिने वापरून

आसाममध्ये डिगबोईजवळ तिनसुकियाला बदली झाली तेव्हा हौस म्हणून सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या क्वार्टर इंच सिरीजमधल्या ८३ एम शीटचा स्कॅन मिळवला. १ इंचाला ४ मैल, उंची सगळी फुटात.

पहिला घोळ प्रिंटचा. शीट साधारण १७ बाय १५ इंच आहे, ए३ वर मावतच नाही, आणि दुकानदाराने न विचारता फिट टू पेज मारलं, म्हणजे कागदात बसेल इतका नकाशा लहान केला. महिनाभर मी पट्टी लावून अंतरं मोजत होतो आणि मार्घेरिटा गावाचं अंतर काही जुळेना! ए२ वरच काढा आणि खालची स्केलपट्टी आधी मोजा.

दुसरं म्हणजे मोबाईलवर चढवलात तर सगळं साडेतीनशे मीटर पूर्वेला सरकलेलं दिसेल. नकाशा चुकीचा नाही, तो पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या, एव्हरेस्ट नावाच्या मापावर आहे आणि आपला जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ या नव्या मापावर, क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये कलियानपूर डेटम (त्या जुन्या मापाचा संदर्भ) निवडला की जागेवर बसतं.

आता मजा कशात आली ते सांगतो. डिगबोईजवळच्या कंटूर (समान उंचीच्या रेषा) नीट बघा, नैऋत्येकडून ईशान्येकडे लांबट डोंगररांगा धावतात. जमीन दाबली जाऊन घड्या पडल्यात, त्या घडीच्या पोटात तेल अडकलं आणि वर झिरपलं, म्हणून तर १८८९ मध्ये इथे खोदायला सुरुवात झाली, ६६२ फुटांवर विहीर थांबली आणि १९०१ ला रिफायनरी उभी राहिली. (हत्तीच्या पायाला तेल लागलं ती गोष्ट इथे प्रत्येक जण ऐकवतो, दरवेळी हत्ती थोडा मोठा होतो.) ते वाचून वाटलं, चला, तेल कुठे असतं ते आपल्याला कळलं, डोंगर बघायचा की झालं. मग बोट खाली पश्चिमेला नाहरकटियाकडे नेलं तर तिथे सगळं सपाट, बुढी दिहिंग नदीचा गाळ, भातशेती, कंटूर शोधूनही सापडत नाही आणि १९५३ मध्ये तिथेच मोठं तेलक्षेत्र मिळालं! तेल अडकवणारी रचना गाळाखाली गाडलेली, ती जमिनीत कृत्रिम भूकंपलहरी पाठवूनच कळते, नकाशा बिचारा काय दाखवणार.

सदियाकडचा नद्यांचा भाग मात्र वाट शोधायला अजिबात वापरू नका, १९५० च्या भूकंपानंतर पात्रं पार बदललीत.

एक तक्रार आहेच, शीट ९५ रेखांशाला कापलीय त्यामुळे दिब्रुगड जेमतेम बाहेर राहतं. आता पश्चिमेची शेजारची शीट ८३ आय शोधतोय, कोणाकडे चांगला स्कॅन असेल तर सांगा.