पूल पार्लर निवडताना टेबल नंतर बघा, आधी खेळणारी माणसं बघा

गेल्या पावसाळ्याच्या सुरुवातीपासून मी कोथरूडमधल्या एका पूल-स्नूकर पार्लरची मासिक सभासद आहे. ऑफिस सुटल्यावर आठवड्यातून दोन-तीनदा जाते, जमलं तर रविवारी सकाळीही. पार्लरचं नाव इथे देत नाही, कारण मला जे सांगायचंय ते कुठल्याही हॉलला लावून बघता येईल. टेबल कसं आहे, क्यू (खेळायच्या काठ्या) सरळ आहेत का, तासाचं भाडं किती, यावर सगळेच लिहितात. तिथे येणारी माणसं एकमेकांशी कशी वागतात यावर फारसं कोणी लिहीत नाही. माझ्या मते मात्र हॉल टिकाऊ की टाकाऊ हे तिथेच ठरतं.

टेबलांचं आधी उरकून टाकते. नऊ फुटी पूलची तीन टेबलं आणि बारा फुटी स्नूकरची दोन. जुलै-ऑगस्टमध्ये कापड दमट झालं की बॉल जड चालायचा, कुशनवरून, म्हणजे टेबलाच्या रबरी कडेवरून, नेहमीपेक्षा वेगळाच परतायचा. दिवाळीनंतर सगळं छान मोकळं झालं. हॉलचे क्यू बरे आहेत, त्यांच्या टोकावरच्या टिपा वेळच्या वेळी बदलतात. सिगारेटला पूर्ण बंदी. सार्वजनिक जागी धूम्रपानबंदीचा नियम २००८ पासून देशभर आहे, पण तो खरंच पाळणारा पार्लर मला हा पहिलाच भेटला. एवढं पुरे.

आता खरा मुद्दा. या हॉलमध्ये एक नियम कडक पाळतात: कोणी शॉट घ्यायला वाकलं की त्याच्या मागे उभं राहायचं नाही, आणि ज्या पॉकेटवर नेम आहे त्या बाजूलाही रेंगाळायचं नाही. खेळायचं नसेल तेव्हा खुर्चीत बसा, नाहीतर भिंतीला लागून उभे राहा. हा काही या मालकांचा शोध नव्हे, खेळाइतकाच जुना शिष्टाचार आहे. नजरेच्या रेषेत हालचाल झाली की नेम ढळतो, आणि पाठीमागे कोणी असेल तर क्यू मागे खेचताना हात मोकळा राहत नाही.

पण याच नियमाने माझ्यासाठी काय केलं ते कुठल्याही पुरुषाला सहजासहजी कळणार नाही. याआधी मी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका हॉलमध्ये जात असे. तिथे मी टेबलावर वाकले की मागच्या बाकावरची बोलणी थांबायची. कोणीतरी उगाच मागून फेऱ्या मारायचं. तक्रार करावी तर काय करावी? कोणी काही बोललेलं नसे, हात लावलेला नसे. 'तुम्हाला तसं वाटलं असेल' एवढंच उत्तर मिळायचं. इथे तो प्रश्नच उरला नाही. मागे उभं राहणं हा खेळाचाच नियमभंग असल्यामुळे मला काही सिद्ध करावं लागत नाही. टेबलं सांभाळणारे मार्करमामा लांबूनच म्हणतात, "दादा, शॉट चालू आहे, बाजूला व्हा." तो दादाही खजील होऊन सरकतो, कारण हेच वाक्य त्याने स्वतःसाठीही ऐकलेलं असतं. बाईमाणूस आली म्हणून वेगळी वागणूक नाही, वेगळी वेळ नाही. सगळ्यांना लागू असलेला एक साधा नियम नीट राबवला, एवढंच. सुरक्षिततेच्या नावाखाली कॅमेरे वाढवणाऱ्या मालकांनी याचा विचार जरूर करावा.

तसंच न मागता शिकवणं. पूल हॉलमधला हा सगळ्यात मोठा आजार आहे आणि नवख्या मुलांनाही तो तितकाच छळतो. तुम्ही एक सोपा बॉल चुकवलात की शेजारच्या टेबलावरून माणूस येतो, 'असं नाही, असं' म्हणत तुमचा क्यू हातात घेतो. त्याचा हेतू वाईट असतोच असं नाही. पण शॉट चुकवून तो का चुकला याचा विचार करायला खेळणाऱ्याला जो वेळ लागतो, तो वेळ हा माणूस खाऊन टाकतो. इथे मला एकदा एका मुलाने ब्रिज (क्यूला टेकू देणारी हाताची ठेवण) चुकतोय असं सांगितलं, पण कसं? माझा गेम संपल्यावर, खुर्चीपाशी येऊन, "ताई, एक सांगू का? चालेल?" असं विचारून. मी हो म्हटल्यावर त्याने स्वतःच्या हाताने टेबलावर बोटं कशी पसरायची ते दाखवलं. माझ्या हाताला हात लावला नाही. त्याने दाखवलेला ब्रिज मी आजही वापरते.

फाऊलबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण पार्लरमध्ये पंच नसतो. क्यू लागला की नाही, क्यूने मारायचा सफेद बॉल आधी कुठल्या बॉलला भिडला, हे बहुतेक वेळा फक्त खेळणाऱ्यालाच कळतं. एका संध्याकाळी इंजिनीअरिंगच्या मुलांबरोबर एट-बॉल (आपले सगळे बॉल घालवून शेवटी काळा घालायचा पूलचा प्रकार) चालू होता. एका मुलाचे सगळे बॉल संपलेले, काळा पॉकेटच्या तोंडाशी, चार मित्र बघत बसलेले. तो वाकला, पुन्हा सरळ उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, बॉलला बाही लागली. व्हाइट तुमची." मला काही दिसलं नव्हतं, त्याच्या मित्रांनाही नाही. त्या फाऊलवर मी गेम जिंकले. त्यानंतर त्या मुलाशी खेळताना मी कधीही डोळ्यात तेल घालून पहारा देत बसले नाही, आणि खेळण्यातली निम्मी मजा त्या निर्धास्तपणात आहे असं मला वाटू लागलंय. स्नूकरमध्ये तर स्वतःचा फाऊल स्वतः सांगणं ही मोठ्या स्पर्धांमधलीही रीत आहे. पंच शेजारी उभा असतानाही खेळाडू हात वर करून सांगतात.

शंकेच्या शॉटचं काय करायचं, तेही इथे शिकले. सफेद बॉल आणि समोरचा बॉल अगदी चिकटायला आले असतील तर क्यू सफेदला दोनदा लागण्याची दाट शक्यता असते. अशा वेळी शॉट झाल्यावर भांडण्यात अर्थ नाही. शॉटच्या आधी 'जरा थांब, मामांना बघू दे' म्हणायचं, आणि समोरच्यानेही न चिडता थांबायचं. मामा टेबलाच्या कडेशी येतात, सफेद बॉल कसा धावला यावरून निकाल देतात आणि निघून जातात. त्यांच्या निकालावर वाद घातलेला मी पाहिलेला नाही.

दुसरी वादाची जागा म्हणजे घरचे नियम. कुठे फाऊल झाला की दोन शॉट मिळतात, कुठे सफेद बॉल टेबलाच्या एका टोकाकडच्या रेषेमागूनच ठेवायला लावतात. आंतरराष्ट्रीय नियमांत फाऊलनंतर तो टेबलावर कुठेही ठेवता येतो. ब्रेकच्या, म्हणजे रचलेले बॉल फोडायच्या पहिल्या शॉटवर फाऊल झाला, तरच रेषेमागची अट येते. ब्रेकवर काळा पडला तर कित्येक जण गेम जिंकला म्हणून ओरडतात, पण त्या नियमांनुसार तो विजयही नाही आणि पराभवही नाही: काळा परत जागेवर ठेवून पुढे खेळता येतं, नाहीतर पुन्हा ब्रेक करता येतो. कुठले नियम बरे यात मला पडायचं नाही. अनोळखी माणसाबरोबर खेळताना रॅक लावता लावताच, म्हणजे बॉल त्रिकोणात रचतानाच, 'फाऊलला काय? ब्रेकवर काळा गेला तर काय?' एवढं विचारून घ्या. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. हे न विचारल्यामुळे झालेली हमरीतुमरी मी जुन्या हॉलमध्ये पुष्कळ पाहिली आहे.

पैशांचंही आधीच बोलावं. हरणाऱ्याने टेबलचं भाडं भरायचं, ही आपल्याकडच्या बहुतेक पार्लरमधली पद्धत. बरोबरीच्या दोघांत ती ठीक आहे, खेळाला धार येते. पण महिन्याभरापूर्वी क्यू हातात धरलेल्या पोराला मुरलेल्या खेळाडूने बोलवायचं, हळूहळू खेळत वेळ वाढवायचा आणि बिल त्याच्यावर सोडायचं, याला मी लुबाडणंच म्हणेन. आमच्या हॉलमध्ये मालकांनी ठरवून दिलंय की अनोळखी जोडी असेल तर बिल निम्मं निम्मं; हरणाऱ्याने द्यायचं असेल तर दोघांनी काउंटरवर येऊन आधी सांगायचं. पैजा लावणाऱ्यांना त्यांनी सरळ बाहेरचा रस्ता दाखवलेला मी पाहिला आहे, आणि तेही नेहमीचं गिऱ्हाईक होतं. त्या दिवशी त्यांचं नुकसान झालं असेल. पण घरच्यांना बरोबर घेऊन येणारी माणसं त्यानंतर वाढली, हे मी डोळ्यांनी बघतेय.

मार्करमामांबद्दल लिहिल्याशिवाय हा अनुभव पुरा होणार नाही. रविवारी सकाळी लवकर गेलं की त्यांचं काम दिसतं. स्नूकरच्या कापडाला लव असते. ती एकाच दिशेने, जिथून खेळ सुरू होतो त्या बॉक रेषेच्या बाजूकडून काळ्या बॉलच्या जागेकडे, ब्रशने झाडायची आणि मग त्याच दिशेने इस्त्री फिरवायची. उलटा हात फिरला की बॉलची चाल बिघडते. हे करताना त्यांचा चेहरा देवपूजेला बसलेल्या माणसासारखा असतो. आणि मग संध्याकाळी कोणीतरी येऊन क्यूच्या टिपेला लावायचा खडू उपडा ठेवतो, निळा भुगा कुशनवर सांडतो, टेबलाच्या कडेवर बूड टेकतो, चहाचा ग्लास ठेवतो, किंवा व्हिडिओत पाहिलेला उभ्या क्यूचा शॉट मारून कापडाला भोक पाडतो. कापड फाटलं तर भरपाई मिळेल, पण झाडलेल्या सकाळचं काय? म्हणून खडू नेहमी वापरायची बाजू वर करून ठेवावा, टेबलापासून बाजूला होऊन लावावा आणि मामांना नावाने किंवा 'मामा' म्हणून हाक मारावी. 'ए, रॅक लाव' असं नाही. मी आतापर्यंत पाहिलेल्या बारीकसारीक उद्धटपणात मला सगळ्यात जास्त हाच खुपतो.

हॉलमध्ये बँकेतून निवृत्त झालेले एक काका येतात. ते फक्त बिलियर्ड्स आणि स्नूकर खेळतात, आणि आमच्या पूलच्या टेबलाकडे त्यांचं लक्ष नसतं असं मला आधी वाटायचं. पण कोणी चांगला शॉट मारला की त्यांच्या क्यूचा बुंधा जमिनीवर हलकेच ठकठक वाजतो. दाद द्यायची जुनी रीत आहे ती. ते शिट्टी वाजवत नाहीत, ओरडत नाहीत. त्यांचा स्वतःचा बॉल नशिबाने पॉकेटमध्ये पडला तर ते समोरच्याकडे बघून हात वर करतात. आता कॉलेजची पोरंही तसं करायला लागली आहेत. कोणी सांगितलं नव्हतं.

स्नूकरची सुरुवात १८७५ साली जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये झाली आणि नियम पुढे उटीच्या क्लबात पक्के झाले, हे मला या काकांकडून कळलं. विल्सन जोन्स पुण्यात जन्मले हेही. १९५८ साली कोलकात्याला जागतिक हौशी बिलियर्ड्स स्पर्धा जिंकून ते वैयक्तिक खेळात जगज्जेते ठरलेले पहिले भारतीय झाले, आणि १९६४ मध्ये न्यूझीलंडला ते विजेतेपद त्यांनी पुन्हा मिळवलं. बिलियर्ड्स आणि स्नूकरचे जगज्जेते पंकज अडवाणी यांचा जन्मही पुण्याचाच. ज्या शहराचा या खेळाशी इतका जवळचा संबंध आहे, तिथे 'पूल पार्लरला जातेस?' असं नाक मुरडून विचारलं जातं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. यात पार्लरवाल्यांचाही दोष आहे. धूर, शिवीगाळ आणि पैजा यांनी जागेचं नाव त्यांनीच खराब केलंय, आणि ते सुधारणंही त्यांच्याच हातात आहे.

आता उणिवा. दोन आणि तीन नंबरच्या टेबलांमध्ये जागा अपुरी आहे. दोन्हीकडचे खेळाडू एकाच वेळी पाठीला पाठ लावून वाकतात. जो आधी वाकला त्याला घेऊ द्यायचं ही पद्धत सगळे पाळतात, पण गर्दीच्या वेळी गेम रखडतो आणि भाडं मिनिटावर चालू राहतं. मालकांनी एक टेबल काढलं तर बरं, हे मी त्यांना सांगितलंय. रात्री आठनंतर स्पीकरचा आवाज फार असतो. शॉटच्या वेळी माणसांनी बोलायचं नाही आणि स्पीकरने मात्र दणाणायचं, हे मला पटत नाही. शनिवारी प्रतीक्षायादी मोठी असते आणि ती कागदावर असल्यामुळे कधीकधी ओळखीच्यांची नावं वर सरकतात. कागदाऐवजी पाटीवर सर्वांना दिसेल अशी यादी लिहावी. स्वच्छतागृह एकच आहे, आणि मुली यायला लागल्यावर तरी ते वेगळं व्हायला हवं होतं.

सरावासाठी एकट्याने टेबल घेणाऱ्यांनी संध्याकाळी सात ते दहा टाळावं. चार जण ताटकळत असताना एकाने टेबल अडवून ठेवणं बरं दिसत नाही. पहिल्यांदाच जाणार असाल तर दुपारी तीनच्या सुमारास जा. टेबल मोकळं मिळतं, मामांना वेळ असतो, आणि विचारलंत तर क्यू कसा निवडायचा इथपासून ते नीट सांगतात. कुठल्याही नव्या हॉलमध्ये पैसे भरण्याआधी एक गेम नुसता बसून बघा. हरलेला माणूस जिंकणाऱ्याचा शेवटचा बॉल पडेपर्यंत थांबतो की मोबाइल काढून निघून जातो, एवढं पाहिलं तरी सभासद व्हायचं की नाही ते कळेल.