अरोवानाचा डोळा सरळ करतो म्हणाला, १८,५०० रुपये घेऊन गेला

जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबारकडे ज्यांच्या घरी मोठे मासे आहेत त्यांनी हे वाचाच. माझा सिल्व्हर अरोवाना दोन फुटांच्या पुढे गेलेला. बोटाएवढा आणला होता, सहा फुटी टँकमध्ये वाढवला. त्याचा डावा डोळा खाली वळला आणि तसाच राहिला. ड्रॉप-आय. ज्याच्याकडे हा मासा आहे त्याला त्या वेळची घालमेल वेगळी सांगायला नको.

नंबर एका ओळखीच्या माणसाकडून मिळाला. 'फिश सर्जन' म्हणे. व्हिडिओ कॉलवर तपासायचे १,५००. 'बाहेरून मागवलेल्या' पावडरचे ४,२००. ऑपरेशनचा अ‍ॅडव्हान्स ११,०००. येण्याजाण्याचे १,८००. सगळं यूपीआयने. नंतर आज गाडी चुकली, उद्या आईला अ‍ॅडमिट केलं, आणि मग फोनच बंद.

पण माझा जीव जळतो तो त्याने पाठवलेल्या दोन फोटोंवरून. एकात डोळा पडलेला, दुसऱ्यात अगदी सरळ, वर 'ऑपरेशनआधी' आणि 'ऑपरेशननंतर' असं लिहिलेलं. पहिल्या फोटोत माशाचं तोंड डावीकडे. दुसऱ्यात उजवीकडे. म्हणजे पहिल्यात दिसतो तो डावा डोळा आणि दुसऱ्यात उजवा, जो कधी पडलाच नव्हता! ड्रॉप-आय बहुतेक वेळा एकाच डोळ्याला होतो. मासा वळेपर्यंत थांबायचं आणि दुसऱ्या बाजूने फोटो काढायचा, झालं ऑपरेशन. आता ते फोटो उघडले की हात थरथरतात. पण मध्यरात्री, फोनच्या एवढ्याशा स्क्रीनवर, मासा कोपऱ्यात उभा असताना तोंड कुठल्या बाजूला आहे हे कोण बघतो? मी पंधरा वर्षं मासे पाळतोय, माझ्याही नजरेतून सुटलं. नवीन पोरांचं काय होत असेल?

'ऑपरेशनआधी टँकचं पाणी निम्म्यावर आणा, मासा वर बघायला लागेल,' हेही त्यानेच सांगितलं. मे महिन्यात, आपल्या खान्देशात, जिथे पारा ४५ च्या आसपास खेळतो! निम्मं पाणी म्हणजे घाण दुप्पट वेगाने दाटणार आणि टँक लवकर तापणार. तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, आणि बोअरच्या जड, अल्कधर्मी पाण्यात माशाच्या घाणीतून येणारा अमोनिया जास्त विषारी होतो. चांगल्या उजव्या डोळ्यावरही पांढुरकी साय आली. टँक पुन्हा भरला, क्लोरीन उडालेलं पाणी थोडं थोडं बदलत राहिलो, तेव्हा कुठे ती साय उतरली. त्या माणसाने पाण्याची टेस्ट एकदाही विचारली नव्हती. जो आधी अमोनिया आणि नायट्राइट विचारत नाही त्याला एक रुपया देऊ नका.

पावडर ओळखली रावेरच्या मामांनी. मुठीत घेतली आणि म्हणाले, "अरे, हे तर आपण केळीला देतो ते मॅग्नेशियम सल्फेट." केळीच्या पट्ट्यातल्या कुठल्याही कृषी केंद्रात पोत्याने मिळतं ते, किलोला पन्नास रुपयेही पडत नाहीत. पॉप-आयमध्ये, म्हणजे डोळा बाहेर फुगतो तेव्हा, सूज उतरायला हे मीठ थोडं कामाला येतं. एकच डोळा फुगला तर बहुधा मार लागलेला असतो, दोन्ही फुगले तर पाणी किंवा आतला संसर्ग बघा. पण खाली वळलेल्या डोळ्याला त्याचा काडीचा उपयोग नाही.

आता सरकारी दारं ऐका. पोलीस ठाण्यात हवालदार हसला, "भो, मासाना डोयासाठे एफआयआर?" मी म्हटलं, मासा बाजूला ठेवा, १८,५०० रुपये घेऊन माणूस पळाला, ही फसवणूक नाही का? भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ कशासाठी आहे? तर म्हणे सायबरकडे जा. १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन केला, तक्रार नोंदली, पुढे फक्त 'प्रक्रियेत'. बँक म्हणते पिन तुम्हीच टाकलात. त्याने बोलून बोलून टाकायला लावला, हे ऐकायला कोणी तयार नाही. जनावरांच्या दवाखान्यात गेलो, तो 'फिश सर्जन' पशुवैद्य म्हणून नोंदलेला आहे का एवढंच बघून द्या म्हटलं, तर उत्तर आलं, "आम्ही गाई-म्हशी बघतो." मत्स्य विभागात तलावांच्या ठेक्याशिवाय भाषा नाही. १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यात माणूस सोडून प्रत्येक सजीव 'प्राणी' आहे, हे मीच त्यांना सांगायचं? ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी लागत नाही हे खरं, पण समोरच्याचा पत्ता कुठून आणू? माझ्याकडे एक बंद नंबर आणि एक क्यूआर कोड. तो कोड कोणाच्या खात्याचा हे पोलीस एका पत्रात काढू शकतात. ते पत्र कोणी लिहीत नाही!

ड्रॉप-आयची खरी शस्त्रक्रिया असते. माशाला भूल देऊन डोळ्यामागची चरबी काढतात, आणि तेवढा वेळ कल्ल्यांवरून पाणी वाहतं ठेवावं लागतं. हे काम करणाऱ्याकडे पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा. तो मागितल्यावर आवाज चढला तर फोन ठेवा. नुसत्या ड्रॉप-आयने मासा मरत नाही, त्यामुळे 'आजच करा, नाहीतर डोळा जाईल' हे साफ खोटं. माझा अरोवाना त्याच वळलेल्या डोळ्याने नीट खातोय.

डावीकडे-उजवीकडे तोंड असलेले तसेच दोन फोटो ज्यांना आले असतील त्यांनी यूपीआयचे व्यवहार क्रमांक आणि चॅट पुसू नका, १९३० वर लगेच नोंदवा आणि माझ्याशी बोला. एकट्याच्या १८,५०० साठी ठाण्यात कोणी खुर्चीवरून उठत नाही. तिन्ही जिल्ह्यांतले सगळे एकाच दिवशी आपापल्या पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज घेऊन जाऊ, आणि पोच घेतल्याशिवाय तिथून हलायचं नाही.