देवगडातून पाहिलेला एटीपीचा अख्खा मोसम: वापरानंतरचा अनुभव

टेनिस मी आधीही पाहायचो, पण ते विम्बल्डनचा दुसरा आठवडा आणि चार ग्रँड स्लॅमच्या फायनल एवढंच. २०२५ मध्ये मात्र ठरवून एटीपीचा, म्हणजे पुरुष टेनिसच्या जागतिक संघटनेचा, अख्खा मोसम पाहिला, जानेवारीतल्या मेलबर्नच्या ऑस्ट्रेलियन ओपनपासून नोव्हेंबरातल्या तुरीनच्या एटीपी फायनल्सपर्यंत. छोट्या स्पर्धा, पहिल्या फेऱ्या, पात्रता फेऱ्यांचे निकाल, सगळं. देवगड तालुक्यात आमची हापूसची कलमं आहेत, घर बागेतच आहे. इथे वीज आणि नेटवर्क कधी जाईल याचा भरवसा नसतो. अशा ठिकाणाहून हे जमतं का, आणि जमलं तर त्यातून काय मिळतं, ते सविस्तर लिहितो.

जमतं. आणि एक गोष्ट आधीच सांगतो. मोसमाची खरी गोडी दर सोमवारी लागणाऱ्या क्रमवारीत आहे. ती कळली की कुठल्याही मंगळवारची कुठलीही मॅच महत्त्वाची वाटायला लागते.

हिशेब सोपा आहे. ग्रँड स्लॅम जिंकणाऱ्याला २००० गुण, उपविजेत्याला १३००. त्याखाली मास्टर्स १०००, मग ५०० आणि २५० च्या स्पर्धा, नावातला आकडा म्हणजे विजेत्याचे गुण. हे गुण ५२ आठवडे टिकतात आणि गळून पडतात. म्हणजे गेल्या वर्षी ज्या आठवड्यात तुम्ही जिंकलात, त्याच आठवड्यात यंदा पुन्हा जिंकला नाहीत तर तुम्ही खाली घसरता. बागायतदाराला हे समजावून सांगावं लागत नाही, गेल्या सालच्या पेट्यांवर यंदाचा खर्च भागत नाही. यानिक सिनरचंच बघा. क्लोस्टेबॉल या बंदी असलेल्या द्रव्याच्या प्रकरणात ‘वाडा’ या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेशी झालेल्या तडजोडीनुसार ९ फेब्रुवारी ते ४ मे असे तीन महिने तो बाहेर होता. इंडियन वेल्स, मायामी, माँटे कार्लो, माद्रिद, चारही मास्टर्स हुकल्या. मायामीचा तर तो आधीच्या वर्षीचा विजेता होता, ते १००० गुण गेले. तरीही तो पहिल्या क्रमांकावरून हलला नाही, कारण क्रमवारीत त्याच्या मागे असलेल्या अल्कराझ आणि झ्वेरेव्ह यांना त्या आठवड्यांत हवे तितके गुण मिळवता आले नाहीत. मार्च-एप्रिलमध्ये मी सिनरच्या गैरहजेरीतही सिनरचाच मोसम पाहत होतो. नुसत्या फायनल बघणाऱ्याला ही चुरस दिसतच नाही.

वेळांचं गणित आपल्या बाजूचं आहे, हे मला महिनाभरानंतर लक्षात आलं. मेलबर्नला सामने आपल्या पहाटे साडेपाचला सुरू होतात आणि तिथलं नाईट सेशन आपल्याकडे दुपारी दीडला. जानेवारीत मोहोरावर फवारणी सकाळच्या पहिल्या प्रहरात उरकते, दुपार मोकळी असते. जोकोविचने पाय दुखावलेला असताना अल्कराझला चार सेटमध्ये हरवलं ती उपांत्यपूर्व फेरी मी भर दुपारी पडवीत बसून पाहिली. सिनरने झ्वेरेव्हला सरळ तीन सेटमध्ये हरवलं ती फायनल प्रजासत्ताकदिनाच्या दुपारची. पॅरिसची फायनल आपल्या संध्याकाळी साडेसहाला, विम्बल्डनची त्या वर्षी साडेआठला, शांघाय तर सकाळी दहापासून. त्रास फक्त अमेरिकेचा. तिथली रात्रीची मॅच म्हणजे आपली पहाट, आणि फायनल मध्यरात्री.

मायामीची फायनल पाडव्याच्या रात्री साडेबाराला होती. तिकडे पाऊस आला आणि ती कित्येक तास लांबली, त्यामुळे ती मी सकाळच्या चहाबरोबर पाहिली. एकोणीस वर्षांच्या याकुब मेन्शिकने जोकोविचला दोन टायब्रेकमध्ये (६-६ झाल्यावर सेटचा निकाल लावणारा गेम) हरवलं. जोकोविच तेव्हा शंभराव्या विजेतेपदाच्या शोधात होता (ते त्याला पुढे मे महिन्यात जिनिव्हात मिळालं). मेन्शिकने नंतर सांगितलेली हकिगत मला फार आवडली. गुडघा इतका दुखत होता की पहिल्या सामन्याआधीच तो माघार घ्यायला निघाला होता. रेफरी नेमके जेवायला गेले होते. तेवढ्या वेळात फिजिओने उपचार केले, तो कोर्टवर उतरला आणि स्पर्धा जिंकून बाहेर आला.

एप्रिल-मे म्हणजे क्ले कोर्ट, आणि आमच्याकडे तोडणी. दिवसभर आंबा उतरवायचा, रात्री प्रतवारी आणि पेट्या भरायच्या. फोन पेटीला टेकवून ठेवायचा आणि हात चालू ठेवायचे. मातीवरचं टेनिस या कामाला सोयीचं आहे. रॅली लांबतात, नजर खाली गेली तरी परत वर येईपर्यंत पॉइंट चालूच असतो. माँटे कार्लो अल्कराझने घेतली, बार्सिलोनात त्याला रूनने हरवलं, माद्रिद रूडने जिंकली, आणि रोममध्ये परतलेल्या सिनरला अल्कराझने फायनलमध्ये गाठलं. एक बदल डोळ्यांत भरला. एटीपीच्या स्पर्धांत त्या वर्षी मातीवरही रेषेचा निर्णय यंत्र देत होतं. माद्रिदमध्ये झ्वेरेव्हने चिडून मातीवरच्या खुणेचा मोबाइलने फोटो काढला, कारण खूण एक सांगत होती आणि यंत्र दुसरं. पॅरिसने मात्र लाइनमन ठेवले. अंपायर खुर्चीवरून उतरून खूण बघायला जातो, दोन्ही खेळाडू मान पुढे काढून उभे राहतात, हे मला अजूनही मनापासून हवं आहे. विम्बल्डनने २०२५ मध्ये पहिल्यांदाच लाइनमन काढून टाकले. कोर्ट त्यामुळे रिकामं रिकामं वाटलं.

२५ मे २०२५ या दिवशी मान्सून देवगडात पोहोचला, नेहमीपेक्षा कितीतरी आधी. आमची शेवटची तोडणी त्यात सापडली. त्याच दिवशी रोलाँ गॅरोस, म्हणजे पॅरिसची फ्रेंच ओपन, सुरू झाली आणि चौदा वेळा ती स्पर्धा जिंकलेल्या नदालचा तिथे सत्कार झाला. फेडरर, जोकोविच, मरे तिघेही आले होते. नदालच्या पावलाचा ठसा त्या कोर्टवर कायमचा बसवला. बागेत पडलेल्या फळांची मोजदाद चालू असताना मी ते पाहिलं आणि मला खरंच बरं वाटलं.

आता ८ जूनची फायनल. तिच्यासाठीच कुणी वर्षभराची वर्गणी भरली तरी ती वाया जाणार नाही. सिनरने पहिले दोन सेट घेतले. तिसरा अल्कराझने. बाहेर पाऊस होता, तिसऱ्या सेटनंतर वीज गेली आणि नेट इतकं मंदावलं की चित्र सरकेना. चौथा सेट मी फक्त आकड्यांवर पाहिला, फोनवर स्कोअरचं पान उघडून. ३-५, सर्व्हिस अल्कराझची, ०-४०. सिनरला तीन चॅम्पियनशिप पॉइंट, म्हणजे सामना संपवायच्या तीन संधी. पान थांबलं. मग १५-४०. ३०-४०. ड्यूस, म्हणजे ४०-४०. प्रत्येक आकड्याच्या मधे जो वेळ जातो त्यात मनात काय काय चालतं, ते चित्र बघणाऱ्याला कळणार नाही. ४-५, मग सिनरची सर्व्हिस मोडून ५-५, मग टायब्रेक ७-३. पाचव्या सेटात वीज परत आली. तोपर्यंत आये उठून माजघरात आली.

“अजून संपाक नाय? इतको वेळ खेळतत, मगे जेवतत कधी?”

“मध्येच केळी खातत गे आये. बस हय, आता संपतला.”

ती बसली. ६-६, आणि दहा गुणांच्या टायब्रेकमध्ये अल्कराझने १०-२. मध्यरात्र उलटून गेली होती. ५ तास २९ मिनिटं, त्या स्पर्धेच्या इतिहासातली सगळ्यात लांब फायनल. पूर्ण सामन्यात सिनरने १९३ पॉइंट जिंकले आणि अल्कराझने १९२. एक पॉइंट जास्त मिळवणारा हरला, कारण टेनिसमध्ये पॉइंट किती जिंकले यापेक्षा कुठले जिंकले ते मोजतात. दुसऱ्या दिवशी बागेत काम करताना माझ्या डोक्यात सतत सिनरच होता. तीन पॉइंट हातात असताना गेलेला माणूस पुन्हा उभा कसा राहतो?

उत्तर पाच आठवड्यांत मिळालं. १३ जुलैला विम्बल्डनच्या फायनलमध्ये पहिला सेट गमावून सिनरने पुढचे तिन्ही ६-४, ६-४, ६-४ असे घेतले. समोर तोच अल्कराझ, सलग दोन वर्षांचा विजेता. पण त्याआधी चौथ्या फेरीत दिमित्रोव्ह त्याच्यावर दोन सेटने पुढे होता. तिसऱ्यात २-२ असताना सर्व्हिस करताना त्याच्या छातीचा स्नायू दुखावला आणि तो रडत बाहेर गेला. सिनर स्वतः त्याची बॅग उचलून त्याच्यासोबत गेला. विजेत्याचं नाव लक्षात राहतं, पण ते विजेतेपद कुठल्या वाटेने आलं हे पहिल्या आठवड्यापासून बघणाऱ्यालाच माहीत असतं.

ऑगस्टमध्ये मोसमाची सगळ्यात मोठी उणीव दिसते. नऊपैकी सात मास्टर्स आता बारा दिवसांच्या झाल्या आहेत. बऱ्याच ठिकाणी पूर्वी आठवड्यात संपायचं ते लांबत जातं, आणि खेळाडू थकतात. सिनसिनाटीची फायनल सोमवारी ठेवली होती, आपल्याकडे रात्री साडेबाराला. आजारी सिनर ०-५ असताना थांबला, सगळा खेळ २३ मिनिटांचा. शांघायच्या दमट हवेत त्याच्या पायात गोळे आले. यूएस ओपनमध्ये शेल्टनचा खांदा गेला, स्टॉकहोममध्ये रूनची टाच. अकरा महिन्यांचा मोसम माणसाच्या शरीराला झेपत नाही, हे वर्षभर बघितल्यावर स्वच्छ दिसतं. संयोजकांनी बारा दिवसांच्या स्पर्धा परत आठवड्यावर आणाव्यात असं माझं ठाम मत आहे.

यूएस ओपन त्या वर्षी गणपतीतच आली. चाकरमानी घरी, रात्री भजन, भजनानंतर भावाची मुलं माझ्या फोनभोवती. अनंत चतुर्दशीला विसर्जन झालं आणि दुसऱ्या रात्री, ७ सप्टेंबरला, खग्रास चंद्रग्रहण. फायनल त्याच रात्री साडेअकराची, पण अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष येणार म्हणून बंदोबस्तामुळे अर्ध्या तासाहून जास्त उशीर झाला. ग्रहण सुटल्यावर आये आंघोळ करून आली तेव्हाही सामना चालू होता. अल्कराझने ६-२, ३-६, ६-१, ६-४ असा जिंकला. संपूर्ण स्पर्धेत त्याने आपली सर्व्हिस तीनदाच गमावली. सिनरची ६५ आठवड्यांची पहिली जागा त्या रात्री गेली. आपला खेळ प्रतिस्पर्ध्याला आधीच ओळखता येतो, तो बदलावा लागेल, असं सिनरने त्यानंतर मोकळेपणाने सांगितलं. नोव्हेंबरात तुरीनच्या फायनलमध्ये त्याने अल्कराझला ७-६, ७-५ हरवलं. वर्षभरात दोघे सहा वेळा भेटले, सहाही वेळा फायनलमध्ये. हिशेब अल्कराझच्या बाजूने ४-२.

दोघंच सगळं नेतात म्हणून मोसम कंटाळवाणा होतो, असं म्हणणाऱ्यांनी शांघाय बघायला हवी होती. मोनॅकोचा व्हॅलेन्टिन वाशेरो, क्रमांक २०४. पात्रता फेरीतसुद्धा त्याला थेट जागा नव्हती, इतरांनी माघार घेतली म्हणून मिळाली. तिथून त्याने रूनला हरवलं, जोकोविचला हरवलं आणि फायनलला पोहोचला. समोर कोण, तर त्याचाच मावसभाऊ आर्थर रिंडरनेश, जो मेदवेदेवला हरवून आला होता. पहिला सेट गमावून वाशेरो जिंकला. मास्टर्स जिंकणारा इतक्या खालच्या क्रमांकाचा खेळाडू आजवर झाला नव्हता. आमची भातकापणी तोंडावर आली होती, तरी तो आठवडाभर सकाळी दहा वाजले की मी पहिल्यांदा त्याचा निकाल बघायचो. सोमवारी तो चाळिसावा झाला. १६४ जागांची ती उडी क्रमवारीच्या पानावर बघताना अंगावर काटा आला.

आपल्या लोकांसाठी डोळे उघडे ठेवावे लागतात, कारण दुहेरी फारसं कुणी दाखवत नाही. युकी भांब्री मायकेल व्हीनससोबत यूएस ओपनच्या उपांत्य फेरीत गेला. डेव्हिस कपमध्ये बीलला जाऊन भारताने स्वित्झर्लंडला ३-१ हरवलं, युरोपात जाऊन युरोपीय संघाला हरवण्याची १९९३ नंतरची पहिलीच वेळ. पदार्पणातच जिंकलेला दक्षिणेश्वर सुरेश लक्षात ठेवा. आणि रोहन बोपण्णाने १ नोव्हेंबरला निवृत्ती जाहीर केली, पंचेचाळिसाव्या वर्षी. त्रेचाळिसाव्या वर्षी ऑस्ट्रेलियन ओपन जिंकून दुहेरीत जगात पहिला आलेला माणूस. बालेवाडीतली एटीपी २५० स्पर्धा २०२३ नंतर झालेली नाही. ती परत यावी, एसटीने रात्रीत पुणं गाठता येतं.

खर्चाचं स्पष्ट सांगतो. चारही ग्रँड स्लॅम एका ठिकाणी दिसत नाहीत, आणि एटीपीच्या स्वतःच्या टेनिस टीव्हीवर ग्रँड स्लॅम नसतातच. म्हणजे वर्गण्या एकापेक्षा जास्त. पैसे मोजके असतील तर टेनिस टीव्ही घ्या आणि ग्रँड स्लॅम कुणाच्या तरी घरी मिळून बघा. इन्व्हर्टर असावा. स्कोअरचं पान हाताशी ठेवा, ते कमजोर नेटवरही चालतं. मराठी समालोचन माझ्या पाहण्यात आलं नाही, आणि आयेसारख्या प्रेक्षकासाठी ते कुणीतरी करावं.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. मोसम संपला तेव्हा पुढची ऑस्ट्रेलियन ओपन १८ जानेवारी २०२६ पासून होती. अल्कराझकडे तेव्हा चारपैकी तेवढंच एक ग्रँड स्लॅम नव्हतं, आणि सहाही ग्रँड स्लॅम विजेतेपदं ज्याच्या हाताखाली मिळवली त्या प्रशिक्षक फेरेरोपासून तो डिसेंबर २०२५ मध्ये वेगळा झाला होता. सिनर तिथे सलग तिसऱ्यांदा जिंकायला उतरणार होता. त्याचे २००० गुण त्या पंधरवड्यात पणाला होते. मी वर्गणी भरली.