इलेक्ट्रॉनिक काट्यावर आकडा दिसतोय म्हणून वजन बरोबर असं धरू नका : कोल्हापुरातल्या मंडईतला फसवणुकीचा अनुभव

कोल्हापुरात भाजी घेणाऱ्या सगळ्यांनी हे वाचा आणि घरात बाजार जो करतो त्याला पण वाचून दाखवा. आमच्या भागातल्या छोट्या मंडईत, लाल आकड्याच्या चकचकीत काट्यावर, माझ्या डोळ्यासमोर मापलेला माल किलोमागं जवळजवळ १२० ग्रॅम कमी भरला. म्हणजे आठ किलोचे पैसे देऊन साधारण सात किलो घरी न्यायचा. मंडईचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही कारण तिथं बाकीची माणसं कष्टानं आणि सचोटीनं धंदा करतात, एका माणसापायी त्यांचं गिऱ्हाईक तुटू नये.

मी घरी कांदा लसूण चटणी करून देते. उन्हाळा तोंडावर आला की ऑर्डरी सुरू होतात, मिरची बेडगी आणि संकेश्वरी लक्ष्मीपुरीतनं एकदम भरते, मसाला पण तिथनंच, पण कांदा, लसूण, आलं, कोथमीर हे डंकावर (चटणी कुटून देणाऱ्या गिरणीवर) जायच्या आदल्या दिवशी ताजं घेते आणि त्याला जवळची मंडई बरी पडते. तर त्या दिवशी एका विक्रेत्याकडं लसूण २०० रुपये किलो होता. शेजारीच वडणग्याकडच्या एक आजी बसतात, त्यांचा २२०. लसूण दोन्हीकडं सारखाच, मोठ्या पाकळ्यांचा, मला दोन किलो पाहिजे होता, चाळीस रुपये वाचतात म्हणून त्याच्याकडं घेतला आणि पाच किलो कांदा पण त्याच्याकडंच घेतला. काट्यावर बरोबर २.००० आणि ५.००० आले. उलट कांद्याला वरनं एक कांदा टाकला त्यानं, "वहिनी, तुमच्यासाठी हो" म्हणून.

आता माझ्याकडं घरी काटा आहे, पाव आणि अर्ध्या किलोची पाकिटं भरायला लागतो म्हणून. मी विकते म्हणजे माझा काटा पण कायद्यात येतो, त्यामुळं दरवर्षी त्याची पडताळणी करून शिक्का मारून घेते, प्रमाणपत्र स्वयंपाकघरातच भिंतीला लावलंय. त्या काट्यावर लसूण ठेवला तर १ किलो ७६२ ग्रॅम. परत ठेवला, तेवढाच. मिठाचा सीलबंद एक किलोचा पुडा ठेवून बघितला तर १ किलो आणि वर पाच-सहा ग्रॅम, म्हणजे प्लास्टिकचं वजन, माझा काटा बरोबर होता. मग कांदा मापला, वरचा तो फुकटचा कांदा बाजूला काढून. ४ किलो ४०५.

इथं जरा थांबून हिशोब समजून घ्या कारण यातच सगळं कळतं. लसणात तूट २३८ ग्रॅम, कांद्यात ५९५. दोन्हीकडं शंभराला जवळजवळ बारा. टोपलीचं नाहीतर ताटाचं वजन मालात धरलं असतं तर दोन्हीकडं तूट सारखीच आली असती, म्हणजे टोपली दीडशे ग्रॅमची असेल तर लसणात पण दीडशे आणि कांद्यात पण दीडशे. माल वाढला तशी तूट पण त्याच प्रमाणात वाढली याचा अर्थ काट्याच्या आतली सेटिंगच बदललेली होती. रिकामा असताना तो शून्यच दाखवतो, त्यामुळं आपण शून्य बघून निवांत राहतो आणि चोरी पुढं होते. मिस्टर म्हणाले लसूण वाळतो, कमी होणारच. अहो पण तासाभरात दोन किलो लसूण पावशेर वाळतोय होय? आणि कांदा पण त्याच मापानं वाळतोय?

मी तशीच पिशवी आणि तो मिठाचा पुडा घेऊन परत गेले. गर्दी होती, संध्याकाळची वेळ. एका गिऱ्हाइकाचं मापून झालं आणि काटा रिकामा झाला तसा मी काही न बोलता पुडा काट्यावर ठेवला. १.१४० आला. पुड्यावर ठळक लिहिलंय एक किलो आणि काटा दाखवतोय १ किलो १४०. मोबाईल हातातच होता, फोटो काढला.

तो म्हणाला, "ओ वहिनी, मीठ कशाला ठेवताय, ओलं झालं काटा बिघडतोय." मग म्हणाला बॅटरी उतरलीय. मग म्हणाला उन्हानं मशीन गरम झालंय, पुडा उचला, चालू बंद करतो. त्यानं काटा बंद केला, चालू केला, बाजूचं कसलं तरी बटण दोन-तीनदा दाबलं आणि म्हणाला आता ठेवा. ठेवला तर १.००५! बॅटरी उतरलेली, गरम झालेली मशीन एका मिनिटात ग्रॅमला ग्रॅम बरोबर कशी काय दाखवायला लागली? ते बघितल्यावर मला कसलीच शंका राहिली नाही. बिघडलेला काटा असा सांगेल तेव्हा दुरुस्त होत नाही.

मग सूर बदलला. "वहिनी घ्या की पाव किलो लसूण जास्त, आणि अर्धा किलो कांदा, कशाला विषय वाढवताय, आम्ही गरीब माणसं." हे ऐकून मला खरंच संताप आला. गरीब कोण? शेजारी आजी बसल्यात, पहाटे उठून, टेम्पोत पाटी टाकून येतात, त्यांच्याकडं जुना दांडीचा तराजू आणि लोखंडी वजनं, आणि त्या पारडं जरा झुकतं असल्याशिवाय माल देत नाहीत. त्यांचा दर २२० म्हणून लोक पुढं जातात. मी चारशे रुपये देऊन १ किलो ७६२ ग्रॅम लसूण नेला, म्हणजे मला तो किलोला २२७ रुपयानं पडला. आजींपेक्षा सात रुपये महाग! स्वस्त दर हाच सगळा सापळा आहे. तो वीस रुपये कमी सांगून गिऱ्हाईक ओढतो, काट्यात त्याच्यापेक्षा जास्त वसूल करतो, आणि खऱ्या मापानं विकणारी बाई संध्याकाळी अर्धी पाटी परत घेऊन जाते. माझे पन्नास रुपये गेले याचं मला एवढं नाही, त्या आजींचं गिऱ्हाईक रोज चोरलं जातंय आणि कुणाला दिसत पण नाही, याचा त्रास जास्त झाला.

आजी मला हळूच म्हणाल्या, "बाई, आमास्नी म्हाईत हाय, पर आमी बोललो तर जागा ऱ्हाईल का?" म्हणून मीच बोलायचं ठरवलं.

१९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर आहे, त्यावर तक्रार नोंदवली आणि आपल्या जिल्ह्याच्या वैध मापन शास्त्र कार्यालयात पण लेखी अर्ज दिला, फोटो जोडून. वजन-काट्याचं सगळं काम या खात्याकडं असतं आणि तो २००९ चा कायदा आहे, वैध मापन शास्त्र अधिनियम. एक दिवस सकाळी, ऐन गर्दीत, निरीक्षक प्रमाणित वजनं घेऊन आले. त्या काट्यावर चालू वर्षाचा शिक्काच नव्हता. काटा जप्त केला, पंचनामा झाला. बाकीच्या विक्रेत्यांचे काटे पण बघितले, बहुतेकांचे बरोबर निघाले आणि आजींची वजनं तर बरोबर असणारच होती.

तो माणूस आता आमच्या मंडईत बसत नाही पण दुसऱ्या कुठल्यातरी भागात नवा काटा घेऊन हातगाडी लावतो असं ऐकलं, म्हणूनच हे सगळं लिहायला बसले. तो कपिलतीर्थला असेल, राजारामपुरीत असेल, रविवारी लक्ष्मीपुरीच्या बाजारात असेल, मला माहीत नाही, आणि असा तो एकटाच असेल असं पण नाही.

तर बाजाराला जाताना सगळ्यात पहिलं म्हणजे सीलबंद एक किलोचा मिठाचा नाहीतर साखरेचा पुडा पिशवीत ठेवा. विक्रेता नवीन असेल आणि माल दोन-चार किलो घ्यायचा असेल तर आधी पुडा ठेवून बघा. प्लास्टिकचे पाच-दहा ग्रॅम वर यायला हरकत नाही, त्याच्यापेक्षा जास्त दाखवत असेल तर सरळ पुढं चला. पुडा नसला तर लिटरची न उघडलेली पाण्याची बाटली पण चालते, एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, वर बाटलीचे पंचवीस-तीस ग्रॅम. खरा माणूस याला कधी नाही म्हणत नाही, हा माझा त्यानंतरचा अनुभव आहे. आजींनी तर पुडा स्वतःच मागून घेतला आणि तराजूत टाकून दाखवला.

दुसरं, शिक्का बघा. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर वर्षी करायला लागते, दांडीचा तराजू आणि लोखंडी वजनांची दर दोन वर्षांनी. शिक्क्यावर वर्षाचे आकडे असतात आणि तिमाहीचं इंग्रजी अक्षर असतं ए, बी, सी, डी, म्हणजे जानेवारी ते मार्चला ए असं पुढं. प्रमाणपत्र गिऱ्हाइकाला दिसेल असं लावायला पाहिजे. लोखंडी वजन असेल तर ते उलटं करून बघा, त्याला एक भोक असतं आणि त्यात शिसं भरून त्यावर शिक्का मारलेला असतो. शिसं काढलेलं असलं, भोक रिकामं असलं की वजन हलकं झालं म्हणून समजा. दगड नाहीतर बटाटा वजन म्हणून वापरत असतील तर तिथं घेऊच नका.

आकड्याची बाजू तुमच्याकडं पाहिजे, पिशव्यांच्या नाहीतर पाट्यांच्या आड नको. टोपली ठेवल्यावर काटा शून्य केलाय का ते बघा आणि आकडा स्थिर होईपर्यंत माल उचलू देऊ नका, कारण काही जण टोपली जोरात आपटतात, आकडा क्षणभर वर जातो आणि "झालं बघा" म्हणून लगेच पिशवीत ओततात. बोलण्यात गुंतवणं हा पण त्यातलाच प्रकार, मला तो फुकटचा कांदा देताना माझं लक्ष कांद्यावर होतं.

पालेभाजीला हे काही नाही, ती पेंडीवर मिळते, पेंडी उघडून मधे काय भरलंय तेवढं बघायचं.

तक्रार करायची असेल तर काट्यावर पुडा आणि आकडा एकत्र दिसेल असा फोटो, वेळ, नेमकी जागा आणि ऑनलाइन पैसे दिले असतील तर त्याचा स्क्रीनशॉट एवढं जवळ ठेवा. भाजीवाल्याची पावती कुणाकडंच नसते, माझ्याकडं पण नव्हती, त्यावाचून कुणी अर्ज अडवला नाही. जागेवर भांडण वाढवू नका, फोटो काढून बाजूला व्हा, आणि माल त्याच दिवशी मापून वजन कागदावर लिहून ठेवा.