पुस्तक, रेडिओ, वर्तमानपत्र की संस्थेतली नोकरी? लोकांसाठी तत्त्वज्ञान मांडणाऱ्यांच्या फेलोशिप

तत्त्वज्ञानात पीएचडी केली आहे आणि विद्यापीठाबाहेरच्या माणसांसाठी लिहावं-बोलावं असं मनापासून वाटतंय, अशा संशोधकांसाठी अमेरिका आणि ब्रिटनमध्ये काही चांगल्या योजना आहेत. वरवर त्या सारख्याच दिसतात, पण हाती पडणारी गोष्ट प्रत्येकीत निराळी असते. रकमेचे आकडे शेजारी शेजारी मांडण्याआधी आपलं नेमकं कशावाचून अडलंय ते ठरवा: वेळ, संपादक, श्रोते की नोकरी.

वेळेवाचून अडलं असेल तर अमेरिकेच्या नॅशनल एन्डाउमेंट फॉर द ह्युमॅनिटीज (एनईएच) या मानव्यविद्यांना अनुदान देणाऱ्या सरकारी संस्थेची ‘पब्लिक स्कॉलर्स’ ही योजना मला सगळ्यांत मोलाची वाटते. तिची पहिली अनुदानं २०१५ साली जाहीर झाली. सर्वसामान्य वाचकासाठी अभ्यासपूर्ण पुस्तक लिहिणाऱ्याला महिन्याला ५,००० डॉलर, ६ ते १२ महिने, म्हणजे जास्तीत जास्त ६०,००० डॉलर, अशी तिची रचना राहिली आहे. विद्यापीठात पद असण्याची अट नाही, स्वतंत्र लेखकही अर्ज करू शकतो. मात्र अर्जदार अमेरिकेचा नागरिक हवा किंवा त्याचं तिथे किमान तीन वर्षं वास्तव्य हवं.

या अर्जात सगळ्यांत जास्त कष्ट लेखनाच्या नमुन्यावर घ्या. तत्त्वज्ञानाचा अभ्यासक सवयीने आधी सगळे आक्षेप निकालात काढतो आणि मग आपला मुद्दा सांगतो. सामान्य वाचक तोवर थांबत नाही. प्रश्न त्याला आपला वाटला, की तो आक्षेपही आवडीने वाचतो. प्रबंधातलं प्रकरण थोडं सोपं करून जोडलं तर हा क्रम उलटाच राहतो, म्हणून एक प्रकरण मुळापासून नव्याने लिहूनच अर्जाला बसावं.

एक धोका मात्र गंभीर आहे. एप्रिल २०२५ मध्ये एनईएचने आधी मंजूर केलेली हजाराहून अधिक अनुदानं मध्येच रद्द केली. यंदा अर्ज मागवले आहेत का, हे पाहिल्याशिवाय या पैशांच्या भरवशावर बिनपगारी रजा टाकू नका.

ब्रिटनमधल्या ‘न्यू जनरेशन थिंकर्स’ची तऱ्हा वेगळी. बीबीसी आणि आर्ट्स अँड ह्युमॅनिटीज रिसर्च कौन्सिल ही संशोधनाला निधी देणारी सरकारी संस्था मिळून ही योजना चालवतात. कारकिर्दीच्या सुरुवातीला असलेले मोजके संशोधक दरवर्षी निवडले जातात. पुस्तक लिहायला वर्षभर पगार मिळेल ही अपेक्षा इथे ठेवू नये. इथे मिळतात निर्माते, प्रशिक्षण आणि प्रत्यक्ष प्रसारण. रेडिओवरच्या साधारण पंधरा मिनिटांच्या निबंधात युक्तिवाद कानाने ऐकणाऱ्याला पेलावा लागतो, मागचं पान उलटून बघायची सोय नसते. तत्त्वज्ञानाच्या माणसाला याहून चांगली तालीम मिळणं कठीण. बोलण्याची आवड असेल आणि पोटापाण्याची सोय आधीच झालेली असेल, तर मी हीच निवडेन.

वर्तमानपत्री लेखासाठी ‘ओपेड प्रोजेक्ट’ या अमेरिकी संस्थेची ‘पब्लिक व्हॉइसेस फेलोशिप’ आहे. सार्वजनिक चर्चेत स्त्रिया आणि ज्यांचा आवाज कमी ऐकू येतो अशा जाणकारांचं प्रमाण वाढावं हा तिचा हेतू. ही वर्षभराची असते आणि सहसा विद्यापीठ किंवा संस्था आपल्या माणसांचा एक गट त्यासाठी प्रायोजित करते. त्यामुळे आपली संस्था त्यात आहे का, हा पहिला प्रश्न. लेख छापून आणण्याचं तंत्र इथे शिकायला मिळतं. पण सातआठशे शब्दांत एकच दावा ठामपणे मांडायचा असतो, आणि ज्यांचं काम बारीक भेदांवर उभं आहे त्यांची यात घुसमट होऊ शकते. नीतिशास्त्र किंवा राजकीय तत्त्वज्ञान करणाऱ्यांना ती जास्त मानवेल, तत्त्वमीमांसेच्या, म्हणजे अस्तित्वाच्या मूळ स्वरूपाच्या, अभ्यासकाला कमी.

प्राध्यापकीच्या जागेची वाट पाहून थकलेल्यांनी अमेरिकन कौन्सिल ऑफ लर्नेड सोसायटीज या विद्वत्संस्थांच्या महासंघाच्या ‘लीडिंग एज’ फेलोशिपकडे बघावं. २०११ मध्ये सुरू झालेल्या ‘पब्लिक फेलोज’ योजनेच्या वाटेवरचीच ही पुढची योजना. नुकतीच पीएचडी झालेल्यांना एखाद्या ना-नफा संस्थेत दोन वर्षं काम, ठरलेलं मानधन आणि आरोग्य विमा. तिथे तत्त्वज्ञानावर व्याख्यानं द्यायची नसतात. धोरणाचा मसुदा, संशोधन, लोकांशी संवाद अशी कामं असतात आणि युक्तिवादाची शिस्त त्यांत मुरते. स्वतःचं पुस्तक मात्र दोन वर्षं बाजूला पडेल, हे मनाशी पक्कं करून जावं.

विद्यापीठातच राहून हे काम करणार असाल तर बढतीचा प्रश्न येतोच. अमेरिकन फिलॉसॉफिकल असोसिएशन या तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकांच्या संघटनेने २०१७ मध्ये निवेदन काढून, लोकांसाठी केलेल्या तत्त्वज्ञानाच्या कामाची नेमणूक आणि बढतीत दखल घ्यावी, असं विभागांना सुचवलं. ते बंधनकारक नाही. म्हणून फेलोशिपचा अर्ज भरण्याआधी विभागप्रमुखांना भेटा, हे निवेदन पुढे ठेवा आणि हे वर्ष मूल्यमापनात कसं धरलं जाईल ते लेखी घ्या.