कारागृहाच्या दारातील दुकान: माल चोख, हिशेब अपुरा

आमच्या शहरातील मध्यवर्ती कारागृहाच्या बाहेरच्या भिंतीला लागून बंद्यांनी तयार केलेल्या वस्तूंचे विक्री केंद्र आहे. तेथून मी एक सागवानी खुर्ची, सतरंज्या, टॉवेल आणि अधूनमधून बेकरीचा माल घेत आलो आहे. मालाबद्दल निःशंकपणे चांगले लिहिता येईल. खुर्चीचे सांधे खिळे ठोकून भागवलेले नाहीत, ते खाचा पाडून एकमेकांत नीट बसवलेले आहेत, आणि रोजच्या वापरानंतरही ती कुरकुरत नाही. सतरंजीची वीण घट्ट आहे व पहिल्या धुण्यात तिचा रंग उतरला नाही. टॉवेल दिसायला साधे असले तरी पाणी चटकन टिपतात. नानकटाई उत्तम असते, पाव मात्र बाजारात मिळतो तसाच. भाव ठरलेले असल्यामुळे घासाघीस होत नाही आणि प्रत्येक खरेदीची छापील पावती मिळते.

उणिवा आहेत, पण त्या समजण्यासारख्या आहेत. मोठे फर्निचर मागणी नोंदवून करून घ्यावे लागते आणि ते कधी मिळेल याची खात्री काउंटरवरचे कर्मचारी देत नाहीत, कारण कुशल सुतार संचित रजेवर, म्हणजे शिक्षेदरम्यान मिळणाऱ्या ठरावीक मुदतीच्या सुट्टीवर (फर्लो), गेला किंवा शिक्षा संपवून सुटला की हातातले काम अडते. माझ्या खुर्चीच्या पाठीमागच्या बाजूला पॉलिशचा हात कमी पडला आहे. एवढ्यावर हे परीक्षण संपवता आले असते. परंतु या दुकानातील वस्तू कोणी आणि कोणत्या कारणाने बनवली हे विसरून ती विकत घेता येत नाही, आणि येऊही नये असे मला वाटते.

आमच्या इमारतीतील एका निवृत्त शिक्षिकेने माझ्याकडची सतरंजी पाहून स्पष्ट सांगितले, ‘खून करून आत गेलेल्याच्या हातची वस्तू मी माझ्या घरात अंथरणार नाही.’ त्यांना या मालामागे नेमका कोणाचा हात आहे हे ठाऊक नव्हते आणि मलाही नाही. तथापि आपल्या देशातील सिद्धदोष बंद्यांमध्ये खुनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्यांचा वाटा मोठा असतो, त्यामुळे त्यांची शंका निराधार म्हणता येत नाही. अशा उद्गाराला मागासलेपणा म्हणून बाजूला सारण्याची एक सुशिक्षित सवय आपल्याकडे आहे. मला त्या उद्गारात एक भक्कम नैतिक जाणीव दिसते: ज्याने दुसऱ्याचे आयुष्य हिंसेने हिरावून घेतले, त्याचे काहीतरी जावयास हवे, मग त्यातून इतर कोणाचा फायदा होवो वा न होवो.

हाच प्रतिफळाचा, म्हणजे केलेल्या कर्माच्या मापाने शिक्षा भोगण्याचा विचार. शिक्षेचे समर्थन केवळ उपयुक्ततेवर उभे करायचे ठरवले, तर विचित्र निष्कर्षांना सामोरे जावे लागते. ऐन तारुण्यात खून करून फरार झालेला माणूस वृद्धापकाळी सापडला आणि तो आता कोणालाही धोकादायक नाही हे सिद्ध झाले, तर त्याला सुधारण्याची गरज उरत नाही व त्याच्यापासून समाजाला वाचवण्याचीही उरत नाही. तरीही त्याला सोडून दिले, तर मेलेल्या माणसाच्या मुलाबाळांना आपण काय सांगणार? जर्मन तत्त्वज्ञ कांट याच्या मते तर एखाद्या बेटावरचा समाज विसर्जित होऊन पांगणार असेल, तरी त्याने आधी तुरुंगातील शेवटच्या खुन्याची शिक्षा अमलात आणली पाहिजे. कांटला देहान्त अभिप्रेत होता, आणि तेथे मी त्याच्याबरोबर जात नाही; पण शिक्षा ही भविष्यातील लाभासाठी केलेली गुंतवणूक नसून घडून गेलेल्या कृत्याला दिलेले उत्तर आहे, हा त्याच्या म्हणण्याचा गाभा मला मान्य आहे.

याच विचारातून शिक्षेला मर्यादाही मिळते, आणि कठोर शिक्षेची मागणी करणारे ती सहसा ध्यानात घेत नाहीत. जेवढे कर्म तेवढेच फळ असे म्हटले की त्याहून अधिक देण्याचा अधिकार आपोआप संपतो. सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये बचन सिंग खटल्यात फाशी घटनात्मक ठरवली, पण ती दुर्मिळातील दुर्मिळ प्रकरणापुरती राखून ठेवली आणि गुन्ह्याबरोबर गुन्हेगाराचीही परिस्थिती तोलण्यास सांगितले. १९८३ मध्ये मिठू खटल्यात, जन्मठेप भोगत असताना खून करणाऱ्यास फाशीच सक्तीची करणारे भारतीय दंड संहितेचे कलम ३०३ रद्द झाले, कारण न्यायाधीशाला तोलण्याची मुभाच न ठेवणारी शिक्षा न्याय्य असू शकत नाही. मुंबईच्या शक्ती मिल सामूहिक बलात्कार प्रकरणात उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये तिघांची फाशी रद्द करून नैसर्गिक आयुष्य संपेपर्यंतची जन्मठेप दिली, आणि त्यांना अभिवचन रजा (पॅरोल) वा संचित रजाही मिळणार नाही असे सांगितले. मृत्यूने पश्चात्तापाची शक्यताच संपते, असा त्यामागील विचार होता. त्या निकालावर त्या वेळी बरीच टीका झाली. मला तो सौम्य वाटत नाही. दररोज सकाळी उठून आपण काय केले हे आठवत जगणे ही शिक्षा हलकी असल्याचे ज्यांना वाटते, त्यांनी ती थोडी मनात धरून पाहावी.

आता पुन्हा दुकानाकडे. येथे लावलेल्या फलकांवर सुधारणा आणि पुनर्वसन हे शब्द ठळक आहेत, मात्र शिक्षेचा उल्लेख कोठेही नाही. वास्तविक सक्तमजुरीची शिक्षा झालेल्या बंद्याचे काम हा त्याच्या शिक्षेचाच कायदेशीर भाग आहे; भारतीय दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेतही सश्रम कारावास, म्हणजे सक्तमजुरी, आणि साधा कारावास हा भेद कायम आहे. आत सुतारकाम करणारा माणूस कोणाच्या कृपेने छंद जोपासत नसून न्यायालयाचा आदेश पाळत असतो. हे फलकावर सरळ लिहिले असते, तर ग्राहकाला अधिक आदराने वागवल्यासारखे झाले असते. आताची मांडणी ग्राहकाला नकळत क्षमेत सहभागी करून घेते, आणि क्षमा देणे ग्राहकाच्या हाती नाही. आमच्या शिक्षिकाबाईंचा नकार म्हणूनच मला पटतो, जरी मी स्वतः ती सतरंजी अंथरत असलो तरी.

दुसऱ्या टोकाचे आक्षेप मला पटत नाहीत. हिंसक गुन्हेगारांना हत्यारे, वेतन आणि बेकरीची भट्टी कशाला हवी, असा प्रश्न तेथेच रांगेत उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी मोठ्याने विचारला होता, आणि त्यांच्या पिशवीत नानकटाई होती. न्यायालयाने त्या माणसाचे स्वातंत्र्य काढून घेतले आहे. त्याचे कसब, त्याची भूक किंवा केलेल्या कामाचा मोबदला काढून घेण्याचा हुकूम कोणत्याही निकालपत्रात नसतो. कारावासावर आणखी अपमानाची भर घालणे हे त्याच्या कर्माचे माप ओलांडणे आहे, आणि ते ओलांडले की न्याय मागणाऱ्याचाही तोल गेलेला असतो.

मला सर्वांत खटकते ती पावती. तिच्यावर वस्तूचे नाव, नग, दर आणि एकूण रक्कम असते. त्या रकमेतून बनवणाऱ्याला किती मिळाले आणि ज्याच्यावर अत्याचार झाला त्याच्यासाठी काही बाजूला पडले का, हे कळायला मार्ग नाही. हा प्रश्न नवा नाही. गुजरात सरकारच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्येच सांगितले होते की सश्रम कारावासातील बंद्यांकडून काम करून घेता येते, पण त्यांना न्याय्य वेतन द्यायला हवे; आणि त्याच निकालात, त्या वेतनातील काही भाग पात्र पीडितांच्या भरपाईसाठी राखून ठेवणारा कायदा राज्यांनी करावा, अशी शिफारस होती. प्रतिफळाच्या विचाराला याहून साजेशी व्यवस्था मला सुचत नाही. गुन्हेगार भोगतो, पण त्याच्या भोगण्याचा थोडा अंश तरी ज्याचे नुकसान झाले त्याच्या दिशेने जातो. फौजदारी प्रक्रिया संहितेत २००८ च्या दुरुस्तीने पीडित भरपाई योजनेचे कलम आले, महाराष्ट्रात २०१३ मध्ये बलात्कार आणि ॲसिड हल्ल्यातील पीडितांसाठी मनोधैर्य योजना सुरू झाली, आणि या दोन्ही गोष्टी आवश्यकच आहेत; परंतु तेथे पैसा शासकीय तिजोरीतून येतो, म्हणजे तुमच्याआमच्याकडून येतो. अपराध्याच्या स्वतःच्या हातून आलेल्या रुपयाचे मोल वेगळे आहे, मग तो रुपया कितीही लहान असो. काही कुटुंबे तो घेणारही नाहीत, आणि तसे नाकारण्याचा त्यांचा अधिकार अबाधित राहिला पाहिजे.

खरेदीसाठी जाणाऱ्यांनी फर्निचरची मापे घरूनच लिहून न्यावीत, वाहतुकीची व्यवस्था स्वतः करावी आणि बेकरीचा माल हवा असल्यास सकाळी लवकर जावे. काउंटरवर अभिप्रायाची नोंदवही असते. तीत मी दोन सूचना लिहिल्या आहेत: खुर्चीच्या पाठीला पॉलिशचा आणखी एक हात द्यावा, आणि प्रत्येक पावतीच्या खाली त्या रकमेपैकी वेतन किती व पीडितांसाठी किती, हे दोन रकान्यांत छापावे, मग दुसऱ्या रकान्यात शून्य लिहावे लागले तरी चालेल.