आशा कशावर: भरतीच्या यादीवर की १६२ सामन्यांवर?

टेक्सासमध्ये कॉलेज फुटबॉलचे (अमेरिकन फुटबॉल) चाहते कॉलेजच्या संघात भरती होणाऱ्या सतरा-अठरा वर्षांच्या पोरांच्या मानांकनांवर आशा बांधतात. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाची २०२२ ची भरती देशात पहिल्या क्रमांकाची मानली गेली. त्याच मोसमात संघ ५ सामने जिंकला, ७ हरला. पोरं कच्ची असतात, आणि ट्रान्सफर पोर्टलमुळे (खेळाडूंना दुसऱ्या कॉलेजात जाण्याची सोय) ती टिकतीलच असंही नाही. पुढच्या वर्षी प्रशिक्षक जिंबो फिशर यांनाही जावं लागलं.

बेसबॉलमध्ये तयार खेळाडू घेता येतो. टेक्सास रेंजर्स या व्यावसायिक संघानं कोरी सीगर या खेळाडूशी १० वर्षांचा, ३२.५ कोटी डॉलरचा करार केला. तरीही २०२२ मध्ये ९४ पराभव! पण २०२३ मध्ये त्यांनी पहिल्यांदाच वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकी बेसबॉलची अजिंक्यपदाची मालिका, जिंकली. मला हीच आशा जास्त खरी वाटते. एका मोसमातल्या १६२ सामन्यांत संघ किती पाण्यात आहे ते कळतंच.